रूममेट कोणी निवडावा?

एमबीबीएसच्या प्रवेशाची यादी लागली की घरात खरेदी सुरू होते. ॲप्रन, ॲनॅटॉमीचे जाडजूड पुस्तक, हाडांचा संच, एखादी ट्रंक. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट ठरत असते, बहुतेक वेळा घरच्यांच्या नकळत, फोनवर. वसतिगृहात कोण कोणाबरोबर राहणार? यादीतली नावे पाहून विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट तयार होतात. लातूरच्या किंवा नांदेडच्या एकाच क्लासमध्ये शिकलेले, एका शहरातले, एका ज्युनिअर कॉलेजातले आपसांत जोड्या जुळवतात. जिथे निवडीची मुभा असते, तिथे कॉलेज उघडण्याआधीच बऱ्याच खोल्या अशा भरलेल्या असतात. वॉर्डनकडे उरते ते फक्त सही करण्याचे काम.

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातून निवड झालेला विद्यार्थी या गटांत सहसा नसतो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून किंवा आश्रमशाळेतून मराठी माध्यमात शिकत वर आलेला असतो. त्याच्या वर्गातले दुसरे कोणी एमबीबीएसला लागलेले नसते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याचे सुरुवातीचे दिवस तर जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांच्या मागे धावण्यात जातात. नाव प्रवेशाच्या पुढच्या फेरीत लागले असेल, तर तो येतो तेव्हा खोल्या वाटून झालेल्या असतात. मग जी कॉट उरली ती त्याची. उरलेल्या कॉटवर असेच मागून आलेले एकत्र येतात आणि वर्ष सुरू होण्याआधी वसतिगृहात ‘उरलेल्यांची खोली’ तयार होते. हे कोणी ठरवून केलेले नसते. प्रत्येकाने फक्त आपल्या ओळखीचा माणूस निवडलेला असतो.

म्हणून प्रश्न असा की, पहिल्या वर्षी रूममेट निवडण्याची मुभा विद्यार्थ्यांना असावी का? नसावी. पहिल्या वर्षाच्या खोल्या महाविद्यालयाने चिठ्ठ्या टाकून, मुद्दाम मिसळून द्याव्यात. मात्र त्याच्या जोडीला देखरेख हवी आणि गरज पडल्यास खोली बदलून मिळण्याची हमी हवी. नुसतीच सरमिसळ करून वॉर्डन मोकळे होणार असतील, तर हा उपाय त्रासाचा ठरेल.

खोलीतल्या सोबत्याचा एवढा बाऊ कशासाठी, असे वाटू शकते. पण त्याचा परिणाम मोजता येतो आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखेच मिळत. त्याचा फायदा घेऊन ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रूममेटच्या अभ्यासाचा परिणाम दुसऱ्याच्या गुणांवर होतो आणि तो कोणत्या मंडळात सामील होतो यावर आणखी ठळक होतो, असे त्यात दिसले. कोणता मुख्य विषय घ्यायचा, यावर मात्र परिणाम दिसला नाही. थोडक्यात, खोलीतला सोबती माणसाचे ध्येय बदलत नाही. त्याच्या रोजच्या सवयी आणि त्याची माणसे बदलतो. साडेचार वर्षांच्या एमबीबीएसमध्ये या दोन्ही गोष्टी फार मोठ्या असतात.

झोपेचेच घ्या. दिवसभर शिकलेले डोक्यात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. तीन जणांच्या खोलीत एक जण पहाटे चारपर्यंत दिवा लावून बसला आणि दुसऱ्याचा फोन रात्रभर वाजत राहिला, तर तिसऱ्याची झोप त्याच्या हातात राहत नाही. फिट येणाऱ्या विद्यार्थ्याला जागरणामुळे झटका येऊ शकतो. इन्शुलिन घेणाऱ्या विद्यार्थिनीची साखर रात्री अचानक उतरली, तर शेजारच्या कॉटवरच्या मुलीला ते ओळखता आले पाहिजे आणि साखर कुठे ठेवली आहे हे तिला ठाऊक हवे. दोन आठवडे खोकणाऱ्या सोबत्याला थुंकी तपासायला पाठवणाराही रूममेटच असतो.

मनाच्या आजाराबाबत तर हे आणखी खरे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांनी भाग घेतला. मानसिक आजाराचे निदान झाले असल्याचे त्यांतील सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितले. विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने भरलेली ही पाहणी आहे, त्यामुळे आकडा सगळ्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण दुर्लक्ष करण्याइतका तो लहानही नाही. एखादा मुलगा मेसला जाणे बंद करतो, दोन-दोन दिवस अंघोळ करत नाही, प्रॅक्टिकल चुकवतो, रात्रभर छताकडे पाहत पडून राहतो. प्राध्यापकांना हे दिसत नाही. घरच्यांना फोनवर ‘बरं आहे’ एवढेच ऐकू येते. दिसते ते फक्त खोलीतल्या माणसाला.

मिसळून राहण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पण प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. पुढे १९०१ पासून महाराजांना वेगवेगळ्या समाजांसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभारावी लागली. दार सर्वांसाठी उघडे ठेवले की सगळे आपोआप आत येतात असे नाही, हा त्यातला धडा. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केले ते हा धडा घेऊनच. तिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या भेटीत या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले. तिथली सरमिसळ मुलांच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. तो संस्थेचा नियम होता आणि चूल सांभाळण्यापासून पाणी भरण्यापर्यंत प्रत्येकाचा वाटा सारखा होता.

एकत्र ठेवले म्हणजे पूर्वग्रह गळून पडतात का? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच याला अटी घातल्या. एकत्र येणाऱ्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत लागावी आणि संस्थेचा त्याला उघड पाठिंबा हवा. अलीकडे उत्तर प्रदेशात हेच क्रिकेटच्या मैदानावर तपासले गेले. मॅट लो या संशोधकाने बाराशेहून अधिक तरुणांना घेऊन सामने भरवले. काही संघ एकाच जातगटातल्या खेळाडूंचे, काही मिश्र. एकाच संघातून खेळलेल्यांची इतर जातींतल्या मुलांशी मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत खेळलेल्यांबाबत मात्र हा फायदा दिसला नाही, उलट काही बाबतींत अंतर वाढले. माणसे जवळ आली एवढ्याने भागत नाही. ती एकाच संघात आहेत की एकमेकांविरुद्ध, यावर सगळे अवलंबून असते.

वैद्यकीय वसतिगृहात हा प्रश्न रोज उभा राहतो. पहिल्याच रात्री विचारले जाते, ‘स्कोअर किती? रँक किती?’ विचारणाऱ्याला गुण हवे असतात असे नाही. बऱ्याचदा त्याला आरक्षणाचा प्रवर्ग जाणून घ्यायचा असतो. हा प्रश्न खोलीत शिरला की सोबती संघातला उरत नाही, त्याला आपल्यापेक्षा खालचा म्हणून मोजले जाते.

निवड मोकळी सोडली की काय होते, याची नोंद देशातल्या सर्वांत नामवंत वैद्यकीय संस्थेबाबतच आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील जातीय भेदभावाच्या तक्रारी पाहण्यासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००७ मध्ये तिने अहवाल दिला. त्रास आणि दडपण यांमुळे अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी मूळ खोल्या सोडून वसतिगृहांच्या ठरावीक वरच्या मजल्यांवर एकवटले होते, असे समितीपुढे आले. कागदावर ती त्यांची ‘पसंती’ होती.

सरमिसळ झाली पण समानता नव्हती, तर काय होऊ शकते, हा प्रश्न मुंबईने विसरू नये. मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या डॉ. पायल तडवी टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राच्या निवासी डॉक्टर होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. सुरुवातीला डॉ. तडवी यांची राहण्याची सोय त्यांतल्याच दोघींच्या खोलीत होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहता सांगता येते. जिच्या हाती कामाच्या पाळ्या आहेत, जिच्या शब्दावर शस्त्रक्रिया शिकायला मिळणे अवलंबून आहे, तिच्याच खोलीत नवख्या डॉक्टरला ठेवणे ही समान दर्जाची सोबत नव्हे. रॅगिंगविरोधी २००९ च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावे असे सांगितले, ते याच कारणासाठी. चिठ्ठ्या एकाच वर्षाच्या विद्यार्थ्यांत टाकायच्या असतात.

शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याचे यात जास्त काही पणाला लागलेले असते. ठाण्याच्या किंवा दादरच्या मुलाचे खोलीत पटले नाही, तर तो शुक्रवारी संध्याकाळी घरी जातो. फारच झाले तर घरूनच ये-जा करतो. कसाऱ्याहून मुंबईला लोकलने अडीच तासांच्या आसपास लागतात, तेही पाड्यावरून स्टेशन गाठल्यावर. मुरबाडहून आधी बसने कल्याण गाठावे लागते. कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय किंवा २०२४ मध्ये सुरू झालेले अंबरनाथचे शासकीय महाविद्यालय नकाशावर जवळ दिसते. पण टोकावड्यापलीकडच्या किंवा डोळखांबच्या आतल्या गावातून सकाळी आठच्या लेक्चरला रोज पोहोचणे होत नाही. या मुलांना खोलीतून पळवाट नसते. खोली बिघडली की वर्ष बिघडते, आणि घरात पहिलाच शिकणारा असेल तर ‘मला इथे त्रास होतोय’ हे सांगायलाही त्याची जीभ रेटत नाही.

याच मुलांकडे एक शिदोरी असते, तिची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही. आश्रमशाळेत वाढलेला मुलगा लहानपणापासून वीस-तीस जणांच्या खोलीत झोपलेला असतो. नळावरची रांग, एका बादलीतले पाणी, रात्री ताप आलेल्या लहान मुलाला उठून पाणी देणे, भांडण झाले तरी सकाळी त्याच पंगतीत बसणे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शहरातल्या अनेक मुलांना घरी स्वतंत्र खोली, स्वतंत्र टेबल, बंद करता येणारे दार असते. दुसऱ्याबरोबर राहण्याचा अनुभव हाच प्रवेशाचा निकष असता, तर यादी उलटी लागली असती. मिसळलेल्या खोलीत शहापूरच्या मुलावर कोणी उपकार करत नाही. दोघांकडे एकमेकांना देण्यासारखे काही असते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, दिवसभराच्या ताणानंतर माणसाला आपल्या भाषेतले, आपल्या गावचे कोणी हवे असते. ही गरज खरी आहे, आणि आदिवासी विद्यार्थ्याला तर अधिक. म्हणून खोली मिसळावी, पण मजल्यावर कोणाला एकटे पाडू नये. एकाच भागातून आलेले दोघे-तिघे त्याच व्हरांड्यात, हाकेच्या अंतरावर असावेत. संध्याकाळी गप्पा मारायला आपले माणूस मिळते आणि खोलीतही नवी ओळख होते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. अठरा वर्षांच्या सज्ञान मुलांवर रूममेट लादायचा का? पण वैद्यकीय शिक्षणात पहिल्या दिवसापासून निवड असते तरी कुठे? डिसेक्शनचे टेबल रोल नंबरने मिळते, प्रॅक्टिकलची बॅच यादीने ठरते, पुढे वॉर्ड आणि युनिट वाटून दिले जाते आणि ओपीडीत समोर कोण येऊन बसेल हे तर कोणालाच ठरवता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून खोलीची निवड मोकळी असावी. तोवर मुले एकमेकांना ओळखू लागतात आणि निवड व्हॉट्सॲपच्या यादीवरून न होता स्वभाव पाहून होते.

व्यवस्था अवघड नाही. तीन कॉटच्या खोलीत पहिल्या फेरीनंतर दोघांनाच ठेवावे आणि तिसरी कॉट पुढच्या फेऱ्यांसाठी राखावी, म्हणजे ‘उरलेल्यांची खोली’ तयारच होणार नाही. एका क्लासचे किंवा एका शहराचे दोघे शक्यतो एका खोलीत नसावेत. खोलीबाहेरच्या यादीवर फक्त नाव असावे. रँक आणि प्रवर्ग कुठेही लावू नयेत. दीर्घ आजार किंवा अपंगत्व असणाऱ्यांची सोय आधी करावी आणि त्यांच्या संमतीनेच सोबत्याला माहिती द्यावी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक खोलीने दिवा कधी मालवायचा, फोनवर कुठे बोलायचे, झाडलोट कोणाची, बाहेरचे खाणे, पूजा-नमाज, पाहुणे यांबद्दल चार ओळी लिहून काढाव्यात. नंतरची निम्मी भांडणे या चार ओळी नसल्यामुळे होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, सहा आठवड्यांनी वॉर्डनने प्रत्येकाशी वेगवेगळे बोलावे. ज्याला खोली बदलायची आहे त्याला एकदा, कारण न विचारता, बदलून मिळावी. छळाची किंवा जातीवरून हिणवल्याची तक्रार असेल, तर सहा आठवडे थांबायचे नाही. अशा वेळी चौकशी होईपर्यंत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हलवावे. तक्रारदारालाच ट्रंक उचलायला लावली, तर वसतिगृहाने आपला निकाल दिलेला असतो.

या सगळ्याचा संबंध शेवटी रुग्णाशी आहे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. त्यांतले काही शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा या तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येतात. लावणीच्या दिवसांत साप चावलेल्या बाईला आणतात. तरुण डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, ‘एवढा उशीर का केलात?’ ज्याच्या खोलीत पाड्यावरचा मुलगा वर्षभर राहिला आहे, त्याला पावसात ओढा भरल्यावर रुग्णाला झोळीतून रस्त्यापर्यंत कसे आणतात हे ठाऊक असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, तेव्हा ‘महिन्याने दाखवायला या’ म्हणण्यात अर्थ नसतो, हेही त्याने रात्रीच्या गप्पांत ऐकलेले असते. असा डॉक्टर औषध तेच देतो. पण प्रश्न वेगळा विचारतो आणि रुग्ण दुसऱ्यांदा येतो.

शहापूर-मुरबाडच्या पालकांनी प्रवेशाच्या दिवशी फी आणि मेसबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात. खोल्या कशा ठरतात? खोली बदलायची असेल तर अर्ज कोणाकडे द्यायचा? रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? दोन नंबर मुलांच्या फोनमध्ये तिथेच नोंदवून द्यावेत: रॅगिंगविरोधी मदतीसाठी १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६. महाविद्यालयांना या बदलासाठी नवी इमारत लागत नाही, अनुदानही लागत नाही. यंदाची यादी लावण्याआधी वॉर्डनने एक संध्याकाळ काढून चिठ्ठ्या टाकल्या आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख आपल्या डायरीत लिहून ठेवली, तरी सुरुवात होते.